अपघातानंतर हात उचलता येत नाही: नसेच्या तपासण्या कोणत्या, कधी आणि कशा करून घ्यायच्या

माझ्या धाकट्या भावाची मोटारसायकल पंढरपूर रस्त्यावर घसरली आणि तो उजव्या खांद्यावर आपटला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. एक्स-रेमध्ये कॉलर बोन मोडलेलं दिसलं. पट्टा बांधून "दीड महिन्यात हाड जुळेल" असं सांगत घरी सोडलं. हाड जुळलंही. हात मात्र तसाच लोंबत राहिला. खांदा उचलेना, कोपर वाकेना. बोटं हलत होती, मूठ वळत होती, त्यामुळे घरात सगळ्यांची समजूत झाली की नस ठीक आहे, पट्ट्यामुळे हात आखडलाय. त्या समजुतीत आमचे पाच आठवडे गेले.

पुढे चार महिने मी त्याच्याबरोबर एक्स-रे, सोनोग्राफी, ईएमजी, एमआरआय अशा सगळ्या रांगांत उभी राहिले. कोणती तपासणी कशासाठी, कुठल्या आठवड्यात आणि चिठ्ठीवर नेमकं काय लिहून घ्यायचं हे एका जागी सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण योग्य प्रश्न योग्य वेळी विचारलात तर आमचे गेले ते आठवडे तुमचे जाणार नाहीत.

भावाची दुखापत ब्रेकियल प्लेक्ससची होती. मानेच्या मणक्यांतून निघणाऱ्या सी ५, सी ६, सी ७, सी ८ आणि छातीतली टी १ अशी पाच मुळं एकमेकांत गुंफून कॉलर बोनखालून काखेत उतरतात आणि तिथून अख्ख्या हाताला नसा जातात. त्या गुंफणीला हे नाव आहे. वरची दोन मुळं गेली की खांदा आणि कोपर जातं, बोटं शाबूत राहतात. बोटं हलतात म्हणून निर्धास्त राहू नका, असं मी सगळ्यात आधी सांगेन ते यामुळेच.

१. आधी 'नस' या शब्दाचा घोळ मिटवा

आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेलाही नस म्हणतो, आणि मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूलाही नसच म्हणतो. "हाताची नस दबलीय" असं आम्ही एका ठिकाणी सांगितलं आणि त्यांनी रक्तप्रवाहाची डॉपलर करून दिली. रिपोर्ट नॉर्मल आला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. रक्तवाहिन्या खरंच ठीक होत्या, तपासायची होती ती वस्तूच वेगळी होती.

म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: "मज्जातंतूची दुखापत आहे का? कोणत्या मज्जातंतूची?" नाव कागदावर लिहून घ्या. रेडियल, अल्नार, मीडियन, सायटिक, कॉमन पेरोनियल, ब्रेकियल प्लेक्सस, जे असेल ते. पुढच्या प्रत्येक तपासणीचा भाग आणि प्रकार या एका नावावरून ठरतो.

काही जोड्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. दंडाचं हाड मधोमध किंवा खालच्या तिसऱ्या भागात मोडलं आणि मनगट खाली पडलं, तर रेडियल नस. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मार लागला आणि पाऊल वर उचलता येईना, तर कॉमन पेरोनियल. कुल्ल्यात इंजेक्शन घेताच पायात वीज गेल्यासारखी कळ आली आणि पाऊल लुळं पडलं, तर सायटिक. आपल्याकडे हे शेवटचं फार होतं आणि "इंजेक्शन लागलंय, जाईल" म्हणून अंगावर काढलं जातं.

२. जखम उघडी आहे की बंद, यावर सगळं वेळापत्रक ठरतं

काच, पत्रा, कोयता किंवा विळा लागून जखम झाली आणि त्यापुढची बोटं बधिर पडली किंवा हलेनाशी झाली, तर तपासण्यांच्या रांगेत थांबू नका. धारदार शस्त्राने नस कापली गेल्याची शंका असेल तर सर्जन सहसा पहिल्या काही दिवसांतच जखम उघडून प्रत्यक्ष पाहतात आणि टोकं जोडतात. ताजी, स्वच्छ कापलेली टोकं लवकर जोडणं सोपं असतं, नंतर ती आत ओढली जातात. अशा वेळी "आधी एमआरआय करून या" असं कुणी सांगितलं तर हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनचं मत त्याच दिवशी घ्या. वरून टाके घालून घरी पाठवलं असेल तरीही.

मार मुका असेल, म्हणजे ओढ, दाब, आपटणं, हाड मोडणं, तर चित्र वेगळं. नस नुसती सुन्न झालेली असू शकते, आतले तंतू तुटून बाहेरचं आवरण शाबूत असू शकतं, किंवा ती पूर्ण तुटलेली असू शकते. सेडन या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये केलेली ही तीन गटांची विभागणी डॉक्टर आजही वापरतात: न्यूराप्रॅक्सिया, अॅक्सोनॉटमेसिस, न्यूरॉटमेसिस. पहिलीत नस काही आठवड्यांत आपोआप जागी होते. तिसरीत शस्त्रक्रियेशिवाय काही होत नाही. त्रास असा की पहिल्या दिवशी तिन्हींत हात सारखाच लुळा दिसतो. पुढच्या सगळ्या तपासण्या हा फरक ओळखण्यासाठी असतात.

३. पहिल्या दिवसाचे एक्स-रे फेकू नका

एक्स-रेत नस दिसत नाही, म्हणून लोक ते घरी ठेवून पुढच्या डॉक्टरकडे जातात. आम्हीही गेलो. पण नसेच्या डॉक्टरांनी आधी तेच मागितले. हाड कुठे मोडलं यावरून नस कुठे दुखावली असेल याचा अंदाज येतो. मानेच्या मणक्यांचे बाजूचे काटे मोडले असतील तर त्या पातळीवरचं मूळ उपटलं असण्याची शंका बळावते. छातीच्या एक्स-रेत दुखापतीच्या बाजूचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, वर सरकलेला दिसला तर श्वासाची फ्रेनिक नसही दुखावली आहे का हे पाहतात. ही नस सी ३ ते सी ५ या मुळांतून येते. साध्या छातीच्या फोटोतून प्लेक्ससबद्दल एवढं कळतं याचं मला नवल वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट घरी आरशासमोर पाहता येते. दुखापतीच्या बाजूची पापणी किंचित उतरली असेल आणि त्या डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा लहान दिसत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. खालचं टी १ मूळ मणक्याजवळच तुटल्याची ती खूण असू शकते.

४. नसेची सोनोग्राफी: स्वस्त आणि झटपट, पण करणारा हात महत्त्वाचा

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटच आठवतं. पण वरवर असलेल्या नसा पाहायला उच्च क्षमतेचा सपाट (लिनियर) प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचं यंत्राचं टोक, लावून केलेली सोनोग्राफी फार उपयोगी पडते. साधारण १२ ते १८ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा प्रोब लागतो. पोटाच्या सोनोग्राफीचा बाकदार प्रोब इथे चालत नाही. फोनवर वेळ घेतानाच विचारा: "नसांची सोनोग्राफी करणारे रेडिओलॉजिस्ट आहेत का? लिनियर प्रोब किती मेगाहर्ट्झचा आहे?" समोरचा "सगळी सोनोग्राफी होते" एवढंच म्हणाला तर दुसरीकडे फोन लावा.

आमच्या डॉक्टरांनी स्क्रीन भावाकडे वळवून दाखवलं. आडव्या छेदात निरोगी नस मधाच्या पोळ्यासारखी दिसते: काळे बारके ठिपके, भोवती पांढऱ्या रेघा. प्रोब दंडावरून सरकवत नेला की ते पोळं पडद्यावर आपल्याबरोबर चालत राहतं. दुखापतीच्या जागी ते सुजून गोल होतं, आतले ठिपके पुसले जातात, किंवा पोळं एकदम नाहीसं होऊन पुढे टोकाला गाठ दिसते. त्या गाठीला न्यूरोमा म्हणतात. आधी आपली चांगली बाजू, मग दुखावलेली असं दोन्हीकडे पाहायला सांगा. तुलनेशिवाय "थोडी जाड आहे" या वाक्याला अर्थ नाही.

सोनोग्राफीचे फायदे खूप आहेत. हाडात प्लेट असली तरी अडत नाही, हात हलवून नस हाडाच्या तुकड्यात अडकतेय का ते पाहता येतं, नसेचा लांबच लांब भाग एका बैठकीत तपासून होतो. दंडाचं हाड मोडून रेडियल नस गेली असेल तर आधी हीच करा. पण हाडाच्या पलीकडचं तिला दिसत नाही. कॉलर बोनच्या मागचा भाग झाकला जातो, खालची मुळं खोलवर असल्याने नीट सापडत नाहीत, आणि मणक्याच्या आत मूळ उपटलं आहे का हे तर ती सांगूच शकत नाही.

इथे थोडं विषयांतर. अपघात झालेला नाही, तरी कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागते, करंगळी बधिर आहे, अंगावर कुठे सुन्न चट्टा आहे, असं असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. आपल्या राज्यात हा आजार अजून आहे. त्याचं औषध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर नस वाचते. लाजेपायी वर्ष वर्ष लपवलेले हात पाहिले की जीव तुटतो.

५. तिसऱ्या आठवड्यानंतर ईएमजी-एनसीव्ही

हे चित्र काढणं नाही, विजेची तपासणी आहे. पण हिच्याशिवाय एमआरआयचा रिपोर्ट अर्धवट राहतो. एनसीव्हीत नसेवर छोटे शॉक देऊन निरोप पोचतो का ते मोजतात. ईएमजीत बारीक सुई स्नायूत टोचून स्नायू शांत आहे की नस तुटल्यामुळे तडफडतो आहे ते ऐकतात. यंत्रातून खरंच आवाज येतो, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा.

मोठा सापळा वेळेचा आहे. नस तुटली तरी तिचा पुढचा तुकडा काही दिवस वीज वाहून नेतो, आणि स्नायूतल्या खुणा उमटायला २ ते ३ आठवडे लागतात. चौथ्या दिवशी केलेली तपासणी "ठीक" आली म्हणून खूश होऊ नका. अगदी सुरुवातीला करून घेतलीत तर ३ आठवड्यांनंतर पुन्हा करावीच लागेल.

भावाच्या बाबतीत जे कळलं ते मी विसरणार नाही. त्याच्या अंगठ्याला स्पर्श कळत नव्हता. तरी यंत्रावर अंगठ्याच्या संवेदनेची रेघ स्वच्छ उमटली. मला वाटलं, चांगली बातमी आहे. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, उलट आहे. संवेदनेच्या पेशी मणक्याच्या अगदी बाहेर एका गाठीत असतात. मूळ त्या गाठीच्या आतल्या बाजूला, मणक्यापाशी तुटलं, तर पुढची नस जिवंत राहते, पण मेंदूपर्यंत रस्ता नसतो." मूळ उपटलंय ही शंका पहिल्यांदा तिथे आली आणि एमआरआयमध्ये नेमकं काय शोधायचं ते ठरलं.

६. एमआरआय: बरोबर जागेचाच करून घ्या

आमचे सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ इथे वाया गेला. चिठ्ठीवर घाईत "एमआरआय उजवा खांदा" असं लिहिलं होतं. सेंटरने सांगितल्याप्रमाणे खांद्याच्या सांध्याचा एमआरआय केला. सांध्याचे स्नायू, कंडरा, कूर्चा सगळं सुरेख दिसलं. सीडी लावून नसेच्या सर्जननी दोन मिनिटं पाहिली आणि म्हणाले, "ताई, हा खांदा आहे. मला मान ते काख हवी." पुन्हा पैसे भरले, पुन्हा दहा दिवसांनी नंबर लागला.

तीन वेगवेगळे एमआरआय असतात, ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत:

- खांद्याचा एमआरआय सांधा दाखवतो.
- मानेच्या मणक्याचा एमआरआय मज्जारज्जू आणि चकत्या दाखवतो. प्लेक्ससचा बाहेरचा भाग त्यात बहुतेक सुटतो.
- ब्रेकियल प्लेक्ससचा एमआरआय, ज्याला एमआर न्यूरोग्राफीही म्हणतात, मुळांपासून काखेपर्यंत नसांचा माग काढतो.

चिठ्ठीवर असं लिहून घ्या: "उजव्या ब्रेकियल प्लेक्ससचा एमआरआय, मणक्यातल्या मुळांसह. अपघाताची तारीख अमुक. खांदा उचलणं आणि कोपर वाकवणं नाही. सी ५, सी ६ मूळ उपटल्याची शंका." अपघाताची तारीख आणि कुठली हालचाल बंद आहे, या दोन गोष्टी चिठ्ठीवर नसतील तर रेडिओलॉजिस्टला कुठे बारकाईने पाहायचं हे कळत नाही. पायाच्या दुखापतीतही हेच. "गुडघ्याचा एमआरआय" आणि "गुडघ्यापाशी कॉमन पेरोनियल नसेचा एमआरआय" या दोन वेगळ्या तपासण्या आहेत.

कधी करायचा. मूळ उपटल्यावर त्या जागी मणक्याच्या पाण्याची पिशवी बाहेर येते. तिला स्यूडोमेनिंगोसील म्हणतात. ती तयार व्हायला आणि आसपासचं रक्त विरायला वेळ लागतो, म्हणून मुळांसाठीचा एमआरआय साधारण ३ ते ४ आठवड्यांनंतर जास्त बोलका असतो. मज्जारज्जूला मार असल्याची शंका असेल तर मात्र लगेचच करतात, तिथे थांबायचं नसतं.

किती टेस्लाचं यंत्र. टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप. बारक्या नसा ३ टेस्लावर अधिक स्पष्ट दिसतात. पण जवळ प्लेट किंवा स्क्रू असतील तर धातूमुळे चित्रात काळा डाग पडतो. तो ३ टेस्लावर मोठा आणि १.५ टेस्लावर त्या मानाने लहान असतो. टायटॅनियमचा डाग स्टीलपेक्षा कमी असतो. म्हणून ऑपरेशनच्या फायलीतलं प्लेटचं स्टिकर शोधून नेलंच पाहिजे. यंत्रापेक्षाही विचारायचं ते हे: नसांचे एमआरआय इथे कोण वाचतं, महिन्यात किती येतात?

यंत्रात जाण्याआधी. हृदयाचा पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप असेल तर आधी सांगा. कुणी वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचं काम करत असेल, कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगा. चुंबकात तो कण सरकू शकतो. भावाच्या दंडाला आईने बांधलेला ताईत होता. तो काढताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो काढावाच लागतो. जोडवी, करगोट्यातला मणी, कडं, एटीएम कार्ड, सगळं बाहेर. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र उठावदार करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन अपघाती दुखापतीत दर वेळी लागतंच असं नाही. देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट मागतात, तो आधीच करून न्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर न विचारता सांगा.

वेदनेबद्दल बोला. मूळ उपटलेल्या माणसाच्या हातात आगीसारखी जळजळ असते. यंत्रात पाऊण तास, कधी तासभर, न हलता पडून राहायचं असतं. पहिल्या वेळी भाऊ कळ आली की खांदा उचलायचा प्रयत्न करायचा, मान वळायची, आणि चित्रं हलायची. दुसऱ्या वेळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी वेदनेचं औषध दिलं, कोपराखाली उशी मागून घेतली, कानात बोळे घातले. चित्रं स्वच्छ आली. हे मागायला लाजू नका. हललेल्या एमआरआयचा रिपोर्ट येतो, त्यातून कळत मात्र काही नाही.

७. सीटी मायलोग्राफी सांगितली तर घाबरू नका

मुळांबद्दल एमआरआयनंतरही शंका राहिली, किंवा एमआरआय करताच येत नसेल, तर कमरेतून मणक्याच्या पाण्यात कॉन्ट्रास्ट सोडून सीटी करतात. पाण्यात बुडालेली मुळांची बारीक दोरी त्यात स्पष्ट उमटते, आणि जिथे मूळ नाही तिथे पोकळी दिसते. सुई टोचावी लागते, नंतर डोकं दुखू शकतं, पाणी भरपूर प्यायला आणि पडून राहायला सांगतात. आता बरंचसं काम खास सिक्वेन्सच्या, म्हणजे चित्र घेण्याच्या खास पद्धतीच्या, एमआरआयवर होतं, म्हणून सगळ्यांना ही लागत नाही.

८. रिपोर्टमधले चार शब्द

"कंटिन्युइटी मेंटेन्ड." नस अखंड आहे. हे वाचून आम्ही देवाला नारळ फोडला असता. पण अखंड म्हणजे चालू नव्हे. बाहेरचं आवरण सलग आणि आत नुसता व्रण, अशी नस अखंडच दिसते आणि निरोप मात्र पोचत नाही. "न्यूरोमा इन कंटिन्युइटी" लिहिलं असेल तर हाच अर्थ मनात ठेवून सर्जनला विचारा.

"टी२ हायपरइंटेन्स." नस पांढरी चमकतेय, म्हणजे सूज आहे. पण नस चुंबकाच्या दिशेला साधारण ५५ अंशात वळते तिथे निरोगी नसही चमकते. म्हणून एकट्या चमकण्यावरून निकाल लावत नाहीत, जाडी आणि स्नायू बघतात.

"डिनर्व्हेशन एडेमा." स्नायूंची नस तुटल्यावर स्नायू स्टर नावाच्या सिक्वेन्समध्ये पांढरे होतात, काही दिवसांतच, ईएमजीच्या आधी. कोणकोणते स्नायू पांढरे आहेत यावरून कोणतं मूळ गेलं हे उलट दिशेने कळतं. काही महिन्यांनी त्याच जागी "फॅटी अॅट्रॉफी" येऊ लागलं तर स्नायू चरबीत बदलतो आहे, म्हणजे उशीर होत चालला आहे.

"स्यूडोमेनिंगोसील." मूळ उपटल्याची मोठी शंका. शंकाच, कारण कधी पिशवी असूनही मूळ शाबूत असतं आणि कधी पिशवी नसतानाही तुटलेलं. म्हणून हात तपासणं, ईएमजी आणि एमआरआय तिन्ही एकत्र ठेवून निर्णय होतो. भावाचं सी ५ मणक्याबाहेर फाटलेलं आणि सी ६ उपटलेलं निघालं.

९. किती दिवस वाट पाहायची

नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. टेपने मोजून पाहा. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंत २५ सेंटिमीटर धरले तर २५० दिवस. मानेपासून हाताच्या पंज्यापर्यंत ७० सेंटिमीटर धरले तर ७०० दिवस, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. आणि नसेशिवाय स्नायू तग धरतो तो साधारण १२ ते १८ महिने. हा हिशोब कुणी पहिल्या महिन्यात माझ्यासमोर मांडला असता तर मी पाच आठवडे गप्प बसले नसते.

मुक्या मारात तीन महिन्यांपर्यंत सुधारणेची खूण दिसते का ते पाहतात. आमच्या डॉक्टर दर महिन्याला भावाच्या गळ्यापासून खाली बोटाने टिचक्या मारत यायच्या. जिथे मुंग्या उठायच्या तिथे बॉलपेनने आडवी रेघ आणि तारीख. रेघ दर महिन्याला खाली सरकली तर नस वाढतेय. भावाची रेघ कॉलर बोनच्या वर जिथे पहिल्यांदा पडली, तिसऱ्या महिन्यातही तिथेच होती. तुम्ही घरी रेघेचा फोटो काढून ठेवा, अंघोळीत पुसून जाते.

सुधारणा नसेल तर शस्त्रक्रिया ३ ते ६ महिन्यांच्या आत व्हावी असा सर्जनांचा आग्रह असतो. मूळ उपटल्याची खात्री झाली तर त्याहूनही लवकर ठरवतात, कारण उपटलेलं मूळ आपोआप जुळत नाही. भावाची साडेचार महिन्यांनी झाली. करंगळीकडे जाणाऱ्या अल्नार नसेतली एक बारीक जुडी कोपर वाकवणाऱ्या स्नायूला जोडली, आणि मानेतली एक नस खांद्याला. आज तो चहाचा कप तोंडाला लावतो. "थोडं मालिश करा, नस मोकळी होईल" असं सांगणारे गावोगाव आहेत, आणि प्रेमाने सांगतात. त्यांच्याकडे जायचं तर जा, पण तारखा सोडू नका. लुळा खांदा जोराने ओढू देऊ नका, तो निखळतो.

१०. सोबत न्यायची पिशवी

एक जाड प्लास्टिकची फाइल घ्या. त्यात:

- डॉक्टरांची चिठ्ठी, नसेच्या नावासह
- अपघाताच्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे
- डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, प्लेटचं स्टिकर
- ईएमजी-एनसीव्हीचा पूर्ण रिपोर्ट, आकड्यांच्या पानासह
- क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट
- आधार कार्ड, रेशन कार्ड
- अपघाताची पोलीस नोंद आणि दवाखान्यातला एमएलसी (मेडिको-लीगल केस) नंबर
- एका कागदावर तारखा: अपघात, पट्टा काढला, पहिली हालचाल, प्रत्येक तपासणी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला तपासणीच्या आधी विचारा. योजना ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते. बाहेरच्या सेंटरमध्ये स्वतः करून घेतलेल्या एमआरआयचे पैसे नंतर मागता येतील असं गृहीत धरू नका.

एमआरआयची फिल्म मिळाली की काम झालं असं समजू नका. सीडी मागा, आणि ती डायकॉम स्वरूपातच, म्हणजे यंत्रातली मूळ चित्रं संगणकावर उघडतील अशीच मागा. फिल्मवर निवडक चित्रं असतात. सर्जनला सगळे काप पुढे-मागे सरकवून पाहायचे असतात. काउंटरवरच सीडी लावून उघडते का ते बघा, आमची एक रिकामी निघाली होती. फिल्मचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवून मत विचारू नका, त्यात खिडकीच्या उजेडाशिवाय काही दिसत नाही.

फिल्म पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात, मध्ये साधा कागद ठेवा. सीडीच्या दोन प्रती करा, एक पेनड्राइव्हवर, एक नातेवाइकाच्या घरी. अपघात दाव्याच्या प्राधिकरणात भरपाईसाठी अर्ज केलात तर वकील मूळ कागद मागतात आणि ते तिथल्या फायलीत महिनोन्महिने राहतात. आमचे राहिले, नेमक्या त्याच महिन्यात सर्जनना आधीचा एमआरआय नव्याशी ताडून पाहायचा होता. पेनड्राइव्ह मावशीकडे होता म्हणून ते काम त्याच दिवशी झालं.